हिवाळ्यातलं व्हिएन्ना, दोघांसाठी: तारखांपासून परतीच्या विमानापर्यंत

युरोप म्हणजे मे-जून, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. शाळांच्या सुट्ट्या आणि टूर कंपन्यांची वेळापत्रकं, दोन्ही त्याला जबाबदार. पण दोघांनाच जायचं असेल आणि कुणाच्या परीक्षा आड येत नसतील, तर व्हिएन्ना हिवाळ्यात बघावं, असं मी ठामपणे सांगेन. रोम रस्त्यावर फिरून कळतं. व्हिएन्नाचं बरंचसं वैभव दाराच्या आत आहे. राजवाड्यांची दालनं, चित्रसंग्रह, ऑपेरा, तासन्‌तास बसू देणारी कॉफीघरं. ऑपेराचा हंगाम सप्टेंबर ते जून असतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात जाणाऱ्याला ते दार बंदच सापडतं. बॉलनृत्यांचा मोसम तर जानेवारी-फेब्रुवारीतच रंगतो.

एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: इथे थंडीपेक्षा अंधाराचं नियोजन जास्त करावं लागतं. थंडीला जॅकेट आहे. पण २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि चारला मावळतो. मधल्या सव्वाआठ तासांत ढग असले तर उजेड नावापुरताच. ‘सकाळी आठ ते रात्री आठ, सहा ठिकाणं’ असा आपला नेहमीचा बेत इथे चालत नाही. खालची सगळी आखणी याच हिशोबाने केली आहे.

तारखा कशा निवडायच्या

हिवाळ्याचे इथे तीन वेगवेगळे तुकडे आहेत आणि तिन्हींचा स्वभाव निराळा.

पहिला, नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंतचा. चौकाचौकात लाकडी टपऱ्यांचे नाताळबाजार लागतात. दिसायला सुंदर, पण शनिवार-रविवारी मुंगीलाही वाट मिळत नाही आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. हेच दिवस हवे असतील तर सोमवार ते गुरुवार राहा.

दुसरा, २४ डिसेंबर ते १ जानेवारी. २४ च्या दुपारनंतर दुकानं मिटायला लागतात, २५ आणि २६ ला सुट्टी. बरीच संग्रहालयं उघडी असली तरी वेळा बदललेल्या असतात. ३१ च्या रात्री जुन्या शहरात रस्त्यावरचा जल्लोष असतो. बाराच्या ठोक्याला स्टेफान्सडोम या मुख्य चर्चची पुमरिन नावाची प्रचंड घंटा वाजते आणि लागोपाठ ‘ब्लू डॅन्यूब’ वॉल्ट्झ सुरू होतो. लोक भर रस्त्यात नाचतात. ते बघण्यासारखं आहेच, पण वर्षातला सगळ्यात महाग आठवडाही हाच. १ जानेवारीच्या टीव्हीवर दिसणाऱ्या संगीतसभेची तिकिटं आदल्या फेब्रुवारीत लॉटरीने वाटली जातात, तेव्हा ती आशा आधीच सोडा.

तिसरा तुकडा ७ जानेवारी ते फेब्रुवारीअखेर, आणि माझं मत याला. ६ जानेवारीची सुट्टी संपली की शहर रिकामं होतं, हॉटेलांचे दर उतरतात, रांगा आटतात. बाजार नसतात, पण राटहाउससमोरच्या, म्हणजे नगरभवनासमोरच्या पटांगणात जानेवारीच्या उत्तरार्धात बर्फावर घसरण्याचा मोठा रिंक उभा राहतो आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत असतो. दिवसही हळूहळू लांबतो. जानेवारीअखेर सूर्यास्त पाचच्या जवळ आलेला असतो. नाताळबाजार बघायची हौस नसेल तर डिसेंबरचा हट्ट कशाला?

व्हिसा

शेंगेन, म्हणजे बऱ्याच युरोपीय देशांत एकत्र चालणाऱ्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. पण नाताळच्या काळातल्या अपॉइंटमेंट लवकर संपतात, म्हणून दोन-अडीच महिने हातात ठेवा. नुसतं व्हिएन्ना करणार असाल तर अर्ज ऑस्ट्रियाचा. दोन-तीन देश असतील तर ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्याचा. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असावा, दोन पानं कोरी असावीत आणि तो दहा वर्षांहून जुना नसावा.

नवरा-बायकोच्या अर्जात अडकतं ते बहुधा नावांवर. लग्नानंतर एकीकडे नाव बदललंय, दुसरीकडे माहेरचंच आहे. बँकेत मधलं नाव आहे, पासपोर्टवर नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा आणि खर्च एकाच्या खात्यातून होणार असेल तर तसं साध्या पत्रात लिहून द्या. दोघांचे अर्ज एकत्र, एकाच अपॉइंटमेंटला. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच हॉटेल घ्या.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे: पहिल्यांदा शिरताना फोटो काढून नोंद करतात. त्यामुळे वाटेत विमान बदलताना फ्रँकफर्ट किंवा म्युनिकसारख्या शेंगेन विमानतळावर इमिग्रेशन होणार असेल, तर दोन विमानांत तासाभराचं अंतर पुरत नाही. अडीच-तीन तास ठेवा.

राहायचं कुठे

पहिला जिल्हा, म्हणजे रिंग रस्त्याच्या आतलं जुनं शहर, महाग आणि संध्याकाळी जरा ओस. त्याला लागून असलेले तिसरा, चौथा आणि सातवा हे जिल्हे दोघांसाठी उत्तम. सातव्यात संग्रहालयं पायी, तिसऱ्यात विमानतळाची गाडी दारात. पैसे वाचवायचे तर मुख्य रेल्वे स्टेशनाच्या आसपास बघा. तिथून यू-१ भुयारी गाडी आणि डी ट्राम थेट मध्यावर नेतात. अंतर मोजताना किलोमीटर बघू नका, भुयारी स्टेशन पायी किती मिनिटांवर आहे ते बघा. रात्री उणे तीन अंशांत, वाऱ्यात, पाच मिनिटं आणि पंधरा मिनिटं यांत फार फरक पडतो.

इथल्या डबल बेडवर बहुधा दोन गाद्या शेजारी शेजारी आणि दोन वेगळी पांघरुणं असतात. भांडण झालंय असं समजू नका, पद्धतच तशी आहे. (थंडीत पांघरूण ओढाओढीचा प्रश्नच येत नाही, हा त्याचा फायदा.) खोलीत किटली असेलच असं नाही, म्हणून चहाबाज जोडप्याने आधी विचारून घ्यावं, नाहीतर छोटी किटली सोबत न्यावी. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, पण आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अॅडॉप्टर घ्या.

सामानात फराळ नेताना एक नियम लक्षात ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाची बरणी घरीच. ताजा कढीपत्ताही नको. चिवडा, भाजक्या शेंगदाण्यांची चटणी, मेतकुटाची पुडी चालते.

कपडे: जाड एक नको, पातळ तीन हवेत

जानेवारीत व्हिएन्नाचं दिवसाचं तापमान साधारण शून्य ते पाच अंश, रात्री शून्याखाली. कधी थंडीची लाट आली तर उणे आठ-दहा. आकड्यांना घाबरू नका; खरा त्रास वाऱ्याचा, आणि त्याहून जास्त आत-बाहेर करण्याचा. बाहेर दोन अंश, ट्राममध्ये अठरा, संग्रहालयात बावीस. आपल्याकडची माणसं दोन स्वेटर आणि वर लोकरीचा कोट घालून निघतात आणि अर्ध्या तासात आत घामाने भिजतात. मग तोच ओला घाम बाहेर आल्यावर हाडं गोठवतो.

म्हणून थर असे लावा. अंगाला चिकटणारं थर्मल, वर आणि खाली दोन्ही. सुती बनियन नको, ते ओलं राहतं. त्यावर पातळ फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, समोर चेन असलेला, म्हणजे चटकन उघडता येतो. सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं, मांडीपर्यंत येणारं पिसांचं जॅकेट. जीन्सखाली थर्मल असलं की भागतं. ट्रेकिंगच्या दुकानांत हे सगळं पुण्या-मुंबईत मिळतं. थर्मलचे दोन-दोन जोड पुरतात, रात्री हीटरजवळ वाळतात.

डोकं, कान, हात झाका. मोबाइलवर चालणारे हातमोजे घ्या, नाहीतर नकाशा बघायला दर दोन मिनिटांनी मोजा काढाल. बूट हा एकच खर्च असा की त्यात काटकसर करू नये: पाणी न शिरणारे, घोट्यापर्यंतचे, रबरी तळाला खोल खाचा असलेले, आणि जाड मोजे बसतील म्हणून अर्धा नंबर मोठे. घरून निघायच्या आधी दहा-बारा दिवस घालून ते सैल करून घ्या. बर्फ पडला की व्हिएन्नाचे लोक फूटपाथवर बारीक खडी टाकतात, ती सपाट तळाच्या बुटाखाली लोळते.

आणि एक खूण ओळखून ठेवा. इमारतीच्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवलेल्या लाकडी पट्ट्या दिसल्या, कधी त्यावर पाटीही असते, तर त्या बाजूने चालू नका. छतावरचा बर्फ घसरून खाली पडायची शक्यता आहे, असा त्याचा अर्थ. स्थानिक माणूस न बघता रस्त्याच्या कडेला सरकतो. पाहुणे नेमके त्या पट्ट्यांशेजारी उभे राहून फोटो काढतात.

हवा कोरडी असते. ओठांना मलम लागतंच, आणि टाचांसाठी आपलं कोकम तेल इथल्या कुठल्याही महागड्या क्रीमपेक्षा कमी नाही.

विमानतळावरून शहरात

श्वेशाट विमानतळावरून तीन गाड्या आहेत. हिरव्या रंगाची खास एक्स्प्रेस सोळा मिनिटांत वीन मिट्ट स्टेशनला नेते आणि त्याचे भरपूर पैसे घेते. साधी एस-७ लोकल तिथेच पंचवीस मिनिटांत नेते, कितीतरी स्वस्तात. मुख्य स्टेशनाजवळ राहत असाल तर लांब पल्ल्याची रेलजेट पंधरा मिनिटांत. नऊ मिनिटांसाठी कितीतरी जास्त पैसे घालवणं मला तरी पटत नाही.

शहरात फिरायला २४ तासांचा किंवा सात दिवसांचा पास घ्या. अॅपवर तो छापील तिकिटापेक्षा स्वस्त पडतो. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे तिथून येताना पासाशिवाय वेगळं तिकीट लागतं. छापील तिकीट घेतलं तर स्टेशनात शिरताना निळ्या यंत्रात ते टोचून घ्या. दारं-बॅरिकेड काही नाहीत, कुणी अडवत नाही, आणि म्हणूनच लोक विसरतात. साध्या कपड्यातला तपासनीस अचानक उभा राहिला की दंड शंभर युरोंच्या वर.

पहिल्या संध्याकाळी काहीही महागडं ठरवू नका. हिवाळ्यात व्हिएन्ना आपल्या साडेचार तास मागे. तिथले रात्रीचे आठ म्हणजे तुमच्या अंगाचे साडेबारा. ऑपेरात घोरायचं असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या दिवशी सामान टाकून रिंगवरून ट्राम नंबर १ किंवा २ पकडा आणि खिडकीशी बसून संसद, नगरभवन, ऑपेरा बघत फिरा. १८६५ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने खुला केलेला हा रस्ता जुन्या तटबंदीच्या जागेवर आहे; म्हणूनच तो शहराला वेढा घालतो. मग गरम सूप, आणि झोप.

दिवसाची चौकट

पहाटे जाग येईलच. सकाळी नऊपर्यंत नाश्ता आटपून, उजेड नीट फुटल्यावर बाहेर पडा. दहा ते दोन-अडीच उघड्यावरच्या गोष्टी. मग जेवण. तीननंतर छताखाली. सहाला खोलीवर तासभर पाठ टेकून रात्री संगीत, बाजार किंवा कॉफीघर. दिवसाला दोन मोठी ठिकाणं, तिसरं लहान जमलं तर.

बंदचे वार बघूनच दिवस मांडा, कारण ते एकसारखे नाहीत. कलासंग्रहालय (कुन्स्टहिस्टोरिशेस) हिवाळ्यात एरवी सोमवारी बंद, गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं. त्याच्या समोरचं जुळं निसर्गविज्ञान संग्रहालय मंगळवारी बंद, बुधवारी रात्री आठपर्यंत. हॉफबुर्ग या जुन्या राजवाड्यातला शाही खजिनाही मंगळवारी बंद. म्हणजे उशिरापर्यंत उघडी असलेली संग्रहालयं अंधाराच्या वेळेला टाकली की दिवसाचा उजेड शोनब्रुनसाठी मोकळा राहतो.

शोनब्रुनला यू-४ ने जा. १,४४१ खोल्यांचा हा महाल; पाहुण्यांना त्यातल्या चाळीसच्या आसपास दिसतात आणि तेवढ्यातही मान दुखते. तिकीट वेळेचं असतं, ते घरूनच ऑनलाइन काढा, शक्यतो साडेअकराच्या सुमाराचं. त्याआधी बाग बघा. ती फुकट आहे. फुलं नसतात, कारंजी बंद असतात, पण झाडं उघडी पडल्यामुळे बागेची भूमिती स्पष्ट दिसते, आणि टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत चढून गेलं की अंग आपोआप तापतं. वर उभं राहून खाली बघितलं की पिवळा महाल आणि मागे पसरलेलं शहर. आत आरसेमहालात थोडं थांबा: १७६२ मध्ये सहा वर्षांचा मोझार्ट सम्राज्ञी मारिया थेरेसासमोर इथेच वाजवून गेला, असं मानतात.

बेल्व्हेडेअरला डी ट्राम. वरच्या महालात क्लिम्टचं ‘चुंबन’ आहे. जोडप्यांची गर्दी त्याच्यासमोर असतेच. सकाळचं पहिलं तिकीट घ्या आणि आधी सरळ त्याच खोलीत जा, बाकीचं नंतर. सोन्याचा वर्ख छापील चित्रांत पिवळा दिसतो. प्रत्यक्षात तुम्ही दोन पावलं सरकलात की त्याची चमक जागा बदलते.

स्टेफान्सडोमचा दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच आणि त्यात ३४३ पायऱ्या चढता येतात, अरुंद गोल जिन्याने. गुडघे कुरकुरत असतील तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि पुमरिन घंटाही तिथेच. प्राटर या बागेतला १८९७ चा प्रचंड आकाशपाळणा मावळतीच्या अर्धा तास आधी गाठा. डबे बंद असतात, वारा लागत नाही, आणि एका फेरीत शहराचे दिवे लागताना दिसतात.

कलासंग्रहालय: दोघांनी एकत्र, मग वेगवेगळं

गुरुवारची संध्याकाळ याच्यासाठी राखा. ब्रॉयगेलची चित्रं जगात सगळ्यात जास्त इथे आहेत, आणि त्यात हिवाळ्यात बघायचं चित्र म्हणजे १५६५ चं ‘बर्फातले शिकारी’. लोक मोबाइल उंचावून पुढे जातात. तुम्ही समोरच्या बाकावर बसा आणि डावीकडून सुरुवात करा. खानावळीबाहेर माणसं जाळ करतायत. दारावरची पाटी एकाच आकड्यावर लटकतेय. तीन शिकारी परत निघालेत. एकाच्या खांद्यावरच्या काठीला एकच कोल्हा टांगलाय. एवढ्या कुत्र्यांच्या ताफ्यानिशी मिळालं काय, तर कोल्हा! कुत्र्यांच्या माना खाली. आणि त्यांच्या पलीकडे, खोल दरीत, गोठलेल्या तळ्यावर टिकल्यांएवढी माणसं घसरत खेळतायत, एकजण पडलाय. दिवसभर तुम्हीही गारठलेले असता, त्यामुळे ते चित्र वेगळ्याच पद्धतीने कळतं.

पहिल्या मजल्यावरच्या चित्रदालनातून सुरुवात करा, मग खाली शाही संग्रहात चेल्लिनीची सोन्याची मीठदाणी बघा. २००३ मध्ये ती चोरीला गेली आणि २००६ मध्ये एका जंगलात पेटीत पुरलेली सापडली.

इथे एक सल्ला, जोडप्यांसाठीच. दोघांना सगळ्याच चित्रांत सारखा रस असतो हे खोटं आहे. एकाला प्रत्येक पाटी वाचायची असते, दुसरा पाऊण तासात खुर्ची शोधतो. दीड तास वेगळे व्हा आणि घुमटाखालच्या कॅफेत भेटायचं ठरवा. बुधवार असेल तर एकाने समोरच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जावं; तिथली विलेनडॉर्फची व्हीनस, १९०८ मध्ये सापडलेली जेमतेम अकरा सेंटीमीटरची दगडी मूर्ती, एका छोट्या अंधाऱ्या खोलीत ठेवली आहे. फक्त जाताना एकाच मोबाइलवर दोघांची तिकिटं आणि हॉटेलचा पत्ता नको.

ऑपेरा, उभ्याने

स्टेफान्सप्लाट्झभोवती मोझार्टच्या वेशातली, पांढऱ्या केसांचे टोप घातलेली मंडळी तिकिटं विकत असतात. ते पर्यटकांसाठीच्या मैफलींचं काम. वाईट असेलच असं नाही, पण व्हिएन्नाचे लोक तिथे जात नाहीत. स्टाट्सओपर या सरकारी ऑपेरागृहात बसायची चांगली जागा दोनशे युरोंच्या पुढे जाऊ शकते, आणि त्याच नाटकाला उभ्याची जागा साधारण दहा-वीस युरोंत मिळते. करायचं असं:

१. प्रयोगाच्या दिवशी सकाळी दहाला उभ्याची तिकिटं ऑनलाइन सुटतात. खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा.

२. नाही मिळाली तर उरलेली तिकिटं ऑपेराच्या ओपर्नगासे बाजूच्या खिडकीवर, पडदा उघडायच्या ऐंशी मिनिटं आधी मिळतात. दोघांनीही रांगेत उभं राहा.

३. तिकिटावर विभाग बघा. पार्टेर म्हणजे तळमजल्यावर, मधोमध, रंगमंचासमोर, सगळ्यात उत्तम. बाल्कनी आणि गॅलरी वर. पार्टेर संपलं तर गॅलरीचा मधला भाग घ्या, आवाज तिथेही सुरेख पोचतो.

४. आत शिरल्यावर जागा मिळाली की पुढच्या कठड्याला मफलर बांधा. ही इथली जुनी रीत आहे: मफलर बांधला म्हणजे जागा तुमची, आणि ती सगळे पाळतात. दोन मफलर हवेत, म्हणजे आज ते गळ्यात असू द्या. मग कोट कपडेघरात द्या. जाड कोट घालून आत उभं राहू देत नाहीत.

५. प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजी संवाद निवडता येतात.

कथा आधी वाचून जा. लांबलचक वॅग्नरपेक्षा पहिल्यांदा मोझार्ट, पुच्चिनी किंवा बॅले घ्या. मध्यंतरात पाय बोलायला लागले तर निघून जायला कुणाची ना नाही. कपडे स्वच्छ आणि नेटके पुरेत. ही साडी नेसायची चांगली संधी आहे, फक्त खाली थर्मल आणि बूट. ऑपेरागृहातच होणाऱ्या ऑपेरा बॉल या नृत्यसोहळ्याच्या आधी-नंतर काही दिवस प्रयोग नसतात. तो बॉल अॅश वेन्सडेच्या (ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात तो बुधवार) आधीच्या गुरुवारी असतो, त्यावरून तारखा काढा.

खाणं आणि कॉफी

शाकाहारी लोकांचं इथे अडत नाही, पण काही सापळे आहेत. स्वच्छ सुपात धिरड्याच्या फिती टाकलेलं फ्रिटाटेनझुप्पे निरागस दिसतं; ते गोमांसाच्या रश्शावर असतं. केझेक्राइनर या नावात चीज आहे, पण आहे तो चीज भरलेला डुकराच्या मांसाचा सॉसेज. निर्धास्त मागवा: भोपळ्याचं सूप (रस्सा भाजीचाच ना, ते विचारून), केझश्पेत्सले, म्हणजे चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे, बटाट्याचे पॅनकेक, बाजारातलं लांगोश, म्हणजे लसूण फासलेली तळलेली जाड रोटी. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र प्रत्येक वेळी विचारावं. श्पेत्सले, केक, पॅनकेक, सगळ्यात ते असतंच. ‘इश एसे काइन फ्लाइश’, मी मांस खात नाही, एवढं वाक्य पाठ करा. दुपारी कामाच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी ठरावीक जेवण कमी पैशांत मिळतं. मोठं जेवण दुपारी, रात्री हलकं, हा हिशोब अंधारालाही जुळतो.

रस्त्यावर लोखंडी शेगडीवर भाजलेले चेस्टनट, मारोनी, कागदी पुडीत मिळतात. आपल्याकडे पावसात कणीस, तसं त्यांचं हे. नाताळबाजारातल्या गरम पुन्शमध्ये दारू असते. किंडरपुन्श मागितलं तर बिनदारूचं. मगासाठी काही युरो अनामत घेतात, तो परत केला की ती मिळते.

कॅफे सेंट्रलसमोर अर्धा तास थंडीत उभं राहायची मला गरज वाटत नाही. त्यापेक्षा १८८० चं कॅफे श्पेर्ल बरं, किंवा १९३९ पासूनचं हावेल्का, जिथे रात्री आठनंतर गरम बुख्टेल, म्हणजे जॅम भरलेले गोड बन, मिळतात. मेलान्झ, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी मागवा, चांदीच्या रंगाच्या तबकात कप आणि पाण्याचा ग्लास येतो. ते पाणी नळाचंच, आणि चांगलं: १८७३ पासून शहरात आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाने येतं. बाटल्या विकत घेऊ नका. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी बिल आणून आदळत नाही. वेटर तुसडे वाटतात, ते तसेच असतात, मनावर घेऊ नये. साखरटोर्ट हा इथला प्रसिद्ध चॉकलेट केक एकदा चाखा, दोघांत एक. मला तो कोरडाच वाटतो. काइझरश्मार्न, तोडलेलं गोड पॅनकेक आणि सोबत आलुबुखाराचा मुरंबा, त्याच्या कितीतरी पुढे.

बर्फ हवाच असेल तर

व्हिएन्नात बर्फ पडेलच असं नाही. बरेचदा नुसता करडा ओलावा असतो. बर्फासाठी एक दिवस राखून ठेवा आणि हवामान बघून ठरवा. मुख्य स्टेशनावरून सव्वा-दीड तासात झेमरिंग हे डोंगरातलं गाव. १८५४ मध्ये पुरा झालेला हा डोंगरी रेल्वेमार्ग १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दगडी पूल आणि बोगद्यांतून गाडी वळणं घेत चढते. वर स्की न येणाऱ्यांसाठी घसरगाडी भाड्याने मिळते. निघण्याआधी तिथल्या वेबकॅमवर बर्फ आहे का ते बघा, आणि परतीची गाडी अंधार पडायच्या आतली धरा.

बर्फ नसेल तर त्याच दिवशी ७१ नंबरच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत जा, दोन नंबरच्या दरवाज्याला उतरा. बेथोवन, शूबर्ट, ब्राम्स आणि श्ट्राउस एकाच वर्तुळात झोपलेत. कुणी वारलं की ‘त्याने ७१ पकडली’ असं व्हिएन्नाचे लोक म्हणतात.

बारीकसारीक

रविवारी दुकानं आणि सुपरमार्केटं बंद. मुख्य स्टेशन, वीन मिट्ट, प्राटरश्टेर्न इथली स्टेशनातली उघडी असतात. रोख पैसे जवळ ठेवा, छोट्या कॅफेत आणि बाजारात कार्ड चालेलच असं नाही. एटीएम बँकेच्या दारातलंच वापरा, आणि ‘रुपयांत घ्यायचे का’ असं यंत्राने विचारलं तर युरोच निवडा, नाहीतर दरात चांगलाच फटका बसतो. सार्वजनिक शौचालयासाठी अर्ध्या युरोची नाणी खिशात हवीत. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिका १४४. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात, पॉवर बँक पिशवीत.

परतताना भोपळ्याच्या बियांचं गडद हिरवं तेल आणायचं तर ते चेक-इन बॅगेत, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळून. वेफर्स आणि चॉकलेटं सुपरमार्केटात घ्या, विमानतळावर तीच दीडपट भावात मिळतात. एकाच दुकानातली एकाच वेळची खरेदी ७५ युरोंच्या वर गेली असेल तर दुकानातूनच करपरताव्याचा फॉर्म भरून घ्या. तो कस्टम्सकडे दाखवायचा, तेव्हा वस्तू समोर लागते. म्हणून बॅग पट्ट्यावर टाकायच्या आधी हे काम उरकायचं. त्या रांगेसाठी पाऊण तास जादा धरा. वाटेत युरोपियन युनियनमधल्याच दुसऱ्या देशात विमान बदलणार असाल आणि वस्तू हातातल्या बॅगेत असेल, तर शिक्का युनियनमधल्या शेवटच्या विमानतळावर घ्यायचा.